सोबतीला आलेली वैनी

वैनी,

काल तुझं तेरावं झालं. जेवणं उरकली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि आज मुरबाडला परत येऊन मी हे लिहायला बसलेय. तुझ्याबद्दल चांगलं लिहायला नव्हे. चांगलं सगळ्यांनी बोलून झालंय, आणि ते खोटंही नाही. पण मला जे सांगायचंय ते तिथे चार बायकांत बोलण्यासारखं नव्हतं. मला तुझा पंधरा वर्षं हेवा वाटला. तू गेलीस त्या दिवशीही वाटला.

ओट्यावर, अंगणात, पार गोठ्याच्या भिंतीपर्यंत बाया बसल्या होत्या. किन्हवलीच्या, टोकावड्याच्या, उंबरमाळीकडच्या पाड्यांवरच्या. कितीजणींना मी ओळखतही नव्हते. तुझ्या गाण्यावर ज्यांची लग्नं लागली त्या पोरी कडेवर पोरं घेऊन आल्या होत्या. मी तुझ्या पायाशी बसून रडत होते, आणि रडता रडता माझ्या मनात आलं की माझ्या मयताला याच्या निम्मी माणसंही यायची नाहीत. तिथल्या तिथे लाज वाटली. पण मनात आलं ते आलंच.

तुझं-माझं हे कुठे सुरू झालं ते मला नेमकं आठवतं. त्र्याण्णव साली तू लग्न होऊन आपल्या घरी आलीस. तू मुरबाडच्या बाजूची, बारावी पास. मीही त्याच वर्षी बारावी पास झालेली आणि कॉलेजला जायचं म्हणून घरात धरणं धरून बसलेली. बाबा तेव्हा तानशाच्या धरणावर कामाला होते. शहापूरला कॉलेज, गावातून एसटीने तासाभराचा रस्ता, आणि गावातली एकही मुलगी तिकडे जाणारी नाही. बाबा म्हणाले, "एकटीला येष्टीत बसवणार नाय मी." मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी पानावर बसल्या बसल्या निकाल दिला. "हिरा जाईल सोबतीला. तिचं पण नाव घाला. दोघी जा, दोघी या."

आई म्हणाली, "आन घरातलं कोण बघंल?"

"सकाळचं उरकून जातील," बाबा म्हणाले.

दादाला विचारलंच नाही. तुला तर नाहीच नाही. तू भाकरी थापत होतीस. तुझा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला एवढंच मी पाहिलं.

म्हणजे तू माझ्या सोबतीला आलीस. विषयही माझेच घेतलेस, कारण तास वेगवेगळ्या वेळी असते तर सोबत कसली? मी संगीत घेतलं होतं. तो विषय कॉलेजात तेव्हा नुकताच सुरू झालेला, वर्गात आपण सगळी मिळून आठजणं. मी तो घेतला तो बाबांसाठी. बाबा गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. मला वाटायचं, मी गाण्याचा अभ्यास केला की संध्याकाळी ओट्यावर बसून बाबा माझ्याशी बोलतील. धरणावरून आलेला तो गप्प माणूस फक्त पखवाजाला कणीक लावताना थोडं बोलायचा, आणि तेही पखवाजाशीच.

मोघे बाई कल्याणहून आठवड्यातून तीन दिवस शिकवायला यायच्या. पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाला विचारलं, तुमच्या घरी काय गातात? मी ताठ उभी राहून म्हटलं, "भजन. माझे वडील पखवाज वाजवतात." बाई म्हणाल्या, छान. मग तुझी पाळी. तू म्हणालीस, "माझी आत्या धवलारीण आहे. लग्नात धवले म्हणते." बाई शहरातल्या, त्यांना तो शब्द नवा होता. तू त्यांना समजावून सांगितलंस, की भटजी असला तरी हळदीपासून ते नवरी घरात येईपर्यंत प्रत्येक गोष्टीला धवला लागतो, आणि तो सांगणारी बाई धवलारीण. बाई म्हणाल्या, "म्हणून दाखव."

तू डोक्यावरचा पदर नीट केलास, खिडकीकडे पाहिलंस आणि सुरुवात केलीस. वर्गातली दोन मुलं हसायला लागली आणि मग हसायची थांबली. तास संपल्याची घंटा झाली तरी बाईंनी तुला थांबवलं नाही. मग त्यांनी पेटीवर तुझे स्वर शोधले. मोजून चार निघाले. मी म्हटलं, "चारच स्वर आहेत, बाई."

बाई माझ्याकडे वळल्या. "चार स्वरांत अर्धा तास मला कोणी बसवून ठेवलं नव्हतं अजून."

त्या दिवशी परतताना एसटीत मी तुझ्याशी बोलले नाही. तुला वाटलं मला गाडी लागतेय. तू पिशवीतून आवळासुपारी काढून दिलीस. मी ती खाल्ली आणि तरी बोलले नाही.

मी अभ्यासात तुझ्यापेक्षा पुढे होते, हे तरी तू कबूल करशील. कुठला ग्रंथ कुठल्या काळातला, कुठलं वाद्य कुठून आलं, कुठल्या दरबारात काय गायलं जायचं, हे मला तोंडपाठ असायचं. तुला सनावळ्या आठवायच्या नाहीत. पण तू असलं काहीतरी विचारायचीस की बाई खडू खाली ठेवायच्या. एकदा तू विचारलंस, "बाई, आमचे धवले कुठल्या शतकात धरायचे?"

"लिहिलेलं काही नाही, त्यामुळे सांगता येत नाही," बाई म्हणाल्या.

"मग लिहिलेलं नाय तो इतिहास नाय का?"

बाईंनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, "हा प्रश्न परीक्षेला येणार नाही. पण वहीत लिहून ठेवा सगळ्यांनी." सगळ्यांनी लिहिला. मी सोडून.

हे सगळं मी सोसलं असतं. कॉलेज काय, तीन वर्षांचं. पण तू घरातही माझी जागा घेतलीस. संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन ओट्यावर बसले की हाक मारायचे, "हिरा, आज काय शिकवलं गो बाईंनी?" पहिल्यांदा मीच पुढे होऊन सांगायला लागले होते. शतक, घराणं, ग्रंथकर्ता, सगळं क्रमाने. बाबांनी दोनदा जांभई दिली. मग तू तवा उतरवून आलीस आणि दरबारातल्या त्याच गवयाची गोष्ट अशी सांगितलीस की जणू तो आपल्या शेजारच्या गावात राहत होता आणि त्याची बायको त्याच्या रियाजाला कंटाळलेली होती. बाबा हसले. मी अठरा वर्षांची झाले होते आणि बाबांना तोंड उघडून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते माझ्या कुठल्या गोष्टीवर हसले असते तर मी तुझं काहीही माफ केलं असतं.

पुढे पुढे ते तुला पखवाजाचे बोल सांगायला लागले. मला कधी सांगितले नव्हते. मी मागितले नव्हते हेही खरं, पण बापाकडे मागावं लागतं का?

तिसऱ्या वर्षी मनीषा झाली. परीक्षेला ती चार महिन्यांची होती. तू तिला पाजायचीस, आईचे टोमणे ऐकायचीस, भात कांडायचीस आणि मधल्या वेळात चुलीपुढे वही उघडायचीस. संगीताच्या इतिहासाचं चांगलं पुस्तक कॉलेजात एकच होतं. ते मी माझ्या नावावर घरी आणलं. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस तू विचारलंस, "कुंदा, ते पुस्तक दोन दिवस देशील?" घरात चारचौघांत तू मला कुंदाताई म्हणायचीस, आपण दोघीच असलो की कुंदा.

मी म्हटलं, "परत दिलं मी ते."

पुस्तक माझ्या गादीखाली होतं. तू "बरं" म्हणालीस आणि पुन्हा विचारलं नाहीस.

निकाल लागला तेव्हा इतिहासाच्या पेपरात मला चौसष्ट होते आणि तुला एकाहत्तर. बाबांनी गावात पेढे वाटले. "दोघी पास झाल्या," असंच सांगायचे, मग थोडं थांबून म्हणायचे, "सुनेला जरा जास्त पडले." ते थोडं थांबणं मला अजून ऐकू येतं.

पण वैनी, ते पुस्तक काही एवढं मोठं नव्हतं. मोठं पुढे झालं.

निकालानंतर मोघे बाई आपल्या घरी आल्या. कल्याणहून शहापूर आणि तिथून एसटी, उन्हाच्या. आईने त्यांना घरातली एकुलती एक खुर्ची दिली. बाई म्हणाल्या की हिराने पुढे शिकावं, मुंबईला एमए करावं, त्या स्वतः बोलून ठेवतील, राहायची सोय मुलींच्या वसतिगृहात होईल, शनिवार-रविवार घरी येता येईल. धवल्यांवर आजवर कोणी नीट काम केलेलं नाही, ही करेल. माझ्याबद्दल त्या म्हणाल्या, "कुंदाने बीएड करावं. ती चांगली शिक्षिका होईल." त्या खरंच बोलत होत्या. मी चांगली शिक्षिका झाले. पण मुंबई त्यांनी तुझ्यासाठी ठेवली होती.

बाबा बाईंना म्हणाले, "विचार करून कळवतो." बाई गेल्या. तू चहाचे कप विसळत होतीस. दादाने मला विचारलं, "कुंदा, तू बघितलंस सगळं. झेपंल का तिला?"

घरात कॉलेजातलं कळणारी मी एकटी. बाबा माझ्याकडे बघत होते. त्या एका क्षणी सगळ्यांचे कान माझ्याकडे होते, आणि मी म्हटलं, "नाय झेपणार. तिथं इंग्रजीत असतं सगळं. आन मनी लहान आहे."

कपांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

कोणी वाद घातला नाही. बाबा उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी दादाने बाईंना नकाराचं पत्र टाकलं, त्याचा मजकूर मी सांगितला. तू त्यानंतरही माझ्याशी तशीच वागलीस. माझ्या लग्नात, दोन वर्षांनी, तू हळदीपासून पाठवणीपर्यंत एकटीने धवले म्हटलेस, कारण तुझ्या आत्याचा आवाज तोवर गेला होता. तेव्हापासून लोक तुला बोलवायला लागले.

मग सुरू झालं ते माझं मुरबाडातलं जिणं. शाळेत मी इतिहास शिकवते आणि आठवड्याचे दोन तास संगीत. स्वागतगीत, समूहगीत, पंधरा ऑगस्ट. माझ्या दिराच्या लग्नाच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "शहापूरची ती बीए झालेली धवलारीण आणू. लय नाव आहे तिचं." मी म्हटलं, ती माझी वैनी. सासूबाईंनी पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुझी वैनी व्हय? आन तू नाय गात काय?"

तेव्हापासून त्या गावात मी शाळेतली बाई राहिले नाही. हिराची नणंद झाले.

त्या लग्नात तू आलीस, नऊवारी नेसून, दादाच्या मोटारसायकलवर मागे बसून. हळदीच्या आणि मांडवाच्या मधे जरा उसंत मिळाली तेव्हा आपण दोघी परसात चहा प्यायला बसलो. मी तुझ्याशी तावातावाने बोलत होते. धवले लिहून काढ म्हणत होते. तू सांग, मी उतरवते, स्वरलिपी करते, शास्त्रशुद्ध होईल. नाहीतर तुझ्याबरोबर जाईल सगळं.

तू म्हणालीस, "लिहिलं की तू वाचशील. म्हणशील का?"

"तो प्रश्नच नाही. जतन व्हायला पाहिजे. इतिहास म्हणून."

"इतिहास म्हंजे मेलेल्यांचाच असतो का गो? मी जिती आहे ना. बस माझ्याजवळ, माझ्या मागून म्हण. चार लग्नांत येईल तुला."

मी तुझ्या मागून म्हणायचं? मी म्हटलं, मला पाहुण्यांकडे बघायचंय. तू चहा संपवलास, कप पालथा घातलास आणि हसत म्हणालीस, "ते पुस्तक तुझ्या गादीखाली होतं. मला ठाऊक होतं."

माझा चेहरा काय झाला असेल ते तुलाच ठाऊक. मी विचारलं, कसं?

"गाद्या रोज मीच घालायची ना."

"मग बोलली का नाहीस?"

"मी वाचलं ना ते. तू आंघोळीला गेलीस की वाचायची. रोज दहा-बारा पानं व्हायची. तू लय वेळ लावतेस आंघोळीला."

आणि तू उठून मांडवात गेलीस. मी तिथेच बसून राहिले. मला आधी हसू आलं, मग इतका राग आला की काय सांगू. मी तुला लुबाडलं असं मी इतकी वर्षं मनाशी धरून होते, आणि तू ते लुबाडणंही माझं राहू दिलं नाहीस.

पुस्तकाचं तू बोललीस. त्या दुसऱ्या गोष्टीचं कधीच बोलली नाहीस. "नाय झेपणार" हे शब्द तू ऐकलेस, हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तुला ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात तुला काविळीचं निमित्त झालं. आधी गावठी औषध, मग शहापूर, मग कल्याणचं हॉस्पिटल. रविवारी मी भेटायला आले तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, पण जीभ जागेवर होती. मी एका मासिकातला लेख वाचला होता, लग्नगीतांवरचा, तो तुला सांगायला लागले. तू म्हणालीस, "लिवणारीनं कधी हळद दळलेय का?" मी म्हटलं, हळद दळायचा आणि अभ्यासाचा काय संबंध? झालं, आपली जुनीच जुंपली. मनीषा म्हणाली, "आत्या, आईला दम लागतोय." तू तिला हाताने गप्प केलंस. तुला भांडायचं होतं.

खरं तर मी त्या दिवशी ते बोलायचंच म्हणून आले होते. बसमध्ये वाक्यं जुळवली होती. पण भांडण सुरू असताना माफी कशी मागायची? आणि ते संपण्याआधी दादा डबा घेऊन आला. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी येते, तेव्हा सांगते तुला." तू म्हणालीस, "ये. मी कुठं जातेय."

गुरुवारी तू गेलीस.

काल जेवणं झाल्यावर मी दादाला विहिरीजवळ गाठलं. म्हटलं, दादा, मोघे बाई आल्या होत्या तेव्हा तू मला विचारलं होतंस, आणि मी नाही म्हटलं होतं. तिला झेपलं असतं. मी जाणून खोटं बोलले.

दादा बादली भरत होता. त्याला आधी आठवेचना. मग म्हणाला, "ते व्हय. मी नायच म्हणणार होतो गो. बाबा हो म्हणतील अशी भीती होती. तू बोललीस ते बरं झालं, मला बोलायला लागलं नाय."

मला हलकं वाटायला हवं होतं. बारा वर्षं मी एक दगड उराशी धरून होते आणि तो माझा नव्हताच. पण मला हलकं वाटलं नाही. मी खरं बोलले असते तर बाबांनी हो म्हटलं असतं, हे मला त्या विहिरीपाशी पहिल्यांदा कळलं. दादा बादली घेऊन गेला. त्याचे खांदे उतरलेत. तोही रडतो, गोठ्यात जाऊन, मी पाहिलंय.

दुपार कलली तेव्हा ओट्यावर बाबा एकटेच होते. त्यांचे हात आता थरथरतात, पखवाज खुंटीला आहे. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "कुंदे, म्हण गो काहीतरी."

वैनी, अठराव्या वर्षापासून मी हे वाक्य ऐकायला थांबले होते. त्यासाठी कॉलेज केलं, त्यासाठी सनावळ्या पाठ केल्या. आता तुझी जागा रिकामी होती आणि ते मला म्हणत होते.

त्यांच्या मंडळात नेहमी म्हणायचे तो अभंग मी घेतला. माझा आवाज शाळेत खडूची धूळ खाऊन जाड झालाय, तरी सुरात होते मी, हे तूही मान्य केलं असतंस. ध्रुवपद झालं, पहिलं कडवं झालं. बाबांनी मांडीवर ठेका धरला. मला वाटलं, आता. मग त्यांचा हात मधेच थांबला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

कोणासाठी ते मला विचारावं लागलं नाही. आणि तुला खरं सांगते, त्यांचा तो गहिवर बघूनही मला आत कुठेतरी लागलंच. मी गप्प झाले. बाबांनी माझ्या हातावर त्यांचा हात ठेवला आणि म्हणाले, "थांबू नको."

मी पुढचं कडवं घेतलं.